मिरचीच्या पथारीवरची जुबेदाबी

जुबेदाबी पथारीवर आली की लगेच बसत नसे. मिरचीच्या ढिगापाशी उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि आज आपण काय गंमत करणार ते आधी सांगून टाकायची. ते सांगितल्याशिवाय तिचा हात मिरचीला लागत नसे. "आज दुपारले मी बरफगोला खासू. लाल नही, हिरवा." किंवा, "आज घर जाताना फाटकवर थांबसू. लांब गाडी जाई तव्हय डबा मोजसू." गंमत एवढीच असायची. कधी नुसतं पाय पाण्यात घालून बसणं, कधी कुणाच्या तरी नव्या सुनेला बघून येणं. एकदा तर तिनं सांगितलं होतं की आज मी कुणाशीच भांडणार नाही, आणि ती गंमत दुपारपर्यंतही टिकली नाही.

मुकादम म्हणायचा, "जुबेदाबी, पहिले काम कर, मंग गंमत कर." ती म्हणायची, "दिवसमा येक गोष्ट आपली पायजे रे भाऊ. बाकीना दिवस मालकना, धनीना, पोरेसना. तेसले मी कव्हय नाही म्हनस का?" मुकादम हसून पुढे जायचा. तिला जाऊन आता वर्ष होईल. तिचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं, ते पुसट व्हायच्या आत लिहून ठेवावं असं वाटलं.

आमच्या नंदुरबारला दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची गाड्या भरभरून येते. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर ती वाळत घालतात, त्यालाच आम्ही पथारी म्हणतो. दुरून बघितलं तर जमिनीवर लाल लुगडं अंथरल्यासारखं दिसतं. आम्ही बाया ओळीनं बसून त्या मिरचीचे देठ खुडायचो. लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं, बोटांना चिंध्या. ठसका लागायचा तो सगळ्यांना एकदमच लागायचा, आणि एकीला थांबला की दुसरीला सुरू व्हायचा.

मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा चाळिशीला आले होते. आमचे हे मार्केटात हमाली करतात. त्यांच्या पाठीत उसण भरली आणि दोन महिने घरी बसायची वेळ आली, म्हणून मी कामाला निघाले. मला लोकांत बोलता येत नाही. लहानपणापासूनच येत नाही. शाळेतसुद्धा बाईंनी उभं केलं की उत्तर तोंडात असूनही बाहेर यायचं नाही. पथारीवर मी ओळीच्या अगदी टोकाला बसले आणि दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी हात पेटले होते. घरी येऊन मी गरम पाणी केलं, साबण लावून हात चांगले घासून धुतले. पुढचं काय सांगू. रात्रभर हात माठाला लावून बसले.

दुसऱ्या दिवशी बोटं सुजलेली होती, देठ धरता येईना. कुणाला सांगायचं म्हणून मी तशीच ओढत होते. तेवढ्यात एक रुंद बांध्याची, दात मिश्रीनं काळे झालेली बाई समोर येऊन उकिडवी बसली. माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

"गरम पानी लिधं का?"

मी मान हलवली.

"साबन बी लावा व्हई."

मी पुन्हा मान हलवली.

"वा. मिरचीले न्हावाले घालं." मग मागे वळून सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही नवीन बाई मुकी शे, पन स्वच्छ शे." सगळ्या हसल्या. मला रडू आलं आणि मी हात डोळ्यांकडे नेला. तिनं तो हवेतच धरला. "आठे रडाले बंदी शे. डोया पुसशी त संध्याकाय लगून दिसाव नही." तिनं कनवटीची लहान बाटली काढली, माझ्या बोटांना गोडं तेल चोळलं, वर डब्यातल्या भाकरीचं राहिलेलं कोरडं पीठ लावलं आणि ते पुसून काढलं. "पहिले तेल, मंग पीठ, मंग पानी. पाठ कर." मी ते मनात पाठ केलं. त्या दिवसापासून तिनं मला आपल्या शेजारी बसवलं. जागा सावलीत होती. ती कुणाच्या तरी हक्काची असणार, पण विचारायची माझी काय हिंमत.

जुबेदाबी पिंजाऱ्यांच्या घरातली. तिचा नवरा गनीभाई गाद्या-रजया भरायचा. तीन पिढ्यांपासून त्यांचं घर त्याच गल्लीत होतं, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस. तिच्या केसांत नेहमी कापसाची एखादी तार अडकलेली असायची. ती शाळेत कधी गेली नव्हती. मी चौथी शिकलेली आहे हे तिला कळलं तेव्हा तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. तेव्हापासून माझं कमल हे नाव पथारीवर बंद झालं. "मन्ही चवथी पास कोठे शे?" असं ती विचारायची. मला त्या हाकेची लाज वाटायची आणि ती नाही आली तर करमायचं नाही.

माझ्या चौथीचा उपयोग तिनं भज्यांसाठी केला. शनिवारी ती नाक्यावरून भजी आणायची. भजी संपली की तो तेलकट कागद माझ्यापुढे धरायची. "वाच." कागद फाटलेला, अर्धी अक्षरं तेलानं पारदर्शक झालेली. मी फडक्याआडून हळू आवाजात वाचायची. एकदा बातमी होती की विहिरीत पडलेली एक म्हैस ग्रामस्थांनी दोर लावून... आणि तिथं कागद संपला.

"मंग?" जुबेदाबी म्हणाली.

"पुढं नाही."

"नही कसं? काढी व्हई बाहेर. नही त कोन छापी?"

पलीकडून सिंधूबाई म्हणाली, "मरी बी गयी व्हई."

"भजाना कागदवर मरेल म्हैस नही चालाव," जुबेदाबीनं निकाल दिला. मग तिनंच ती म्हैस बाहेर काढली. म्हैस बाहेर येऊन मालकाकडे बघायलाही तयार नाही, आता मी सरपंचाच्याच गोठ्यात राहणार म्हणते, असं ती सांगत सुटली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया मला विचारत होत्या की म्हशीचं पुढं काय झालं. मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा चार माणसांत एक वाक्य बोलले. मी म्हटलं, "सरपंचले दूध देत नही, लाथ मारस." सगळी ओळ हसली. जुबेदाबी हसली नाही. तिनं फक्त माझ्याकडे असं बघितलं की जणू तिची पोरगी परीक्षेत पास झाली आहे.

ती फार गुणी होती असं मात्र नाही. माझ्या कपातला अर्धा चहा ती न विचारता आपल्या बशीत ओतून घ्यायची. मुकादमाला दर आठवड्याला तिची वेगळी मावशी वारली असल्याचं सांगून लवकर घरी जायची. सिंधूबाईशी तिचं एका चटईवरून भांडण झालं होतं. चटई कुणाची होती ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पण त्या दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत, समोरासमोर बसून. काही सांगायचंच असलं तर मला सांगायच्या. "चवथी पास, तिले सांग, तिन्हा पदर मिरचीमा लोयी ऱ्हायना."

एका मार्गशीर्षात आम्ही दोघी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. तिची त्या दिवसाची गंमत होती घोड्याला हात लावणं. यष्टीतून उतरलो तशी ती सरळ घोडेबाजारात शिरली. एक पांढराशुभ्र घोडा होता, गळ्यात घुंगरं, शेपटी वेणीसारखी विणलेली. तिनं त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि डोळे मिटून उभी राहिली. घोड्याचा मालक बाहेरगावचा, रुबाबदार फेटेवाला. त्यानं विचारलं, "घ्यायचा आहे का मावशी?"

"लेसू ना," ती म्हणाली. "पन पहिले त्याले आम्हनं घर दाखाडनं पडी. त्याले पसंत पडनं त लेसू."

तो माणूस इतका हसला की त्यानं आम्हाला चहा पाजला. येताना ती यष्टीत खिडकीशी बसून हाताचा वास घेत होती. "घोडाना वास शे," म्हणून माझ्याही नाकाशी धरला. मला मिरचीचाच वास आला, पण मी हो म्हटलं.

पुढच्याच पौषात माझी आई गेली. माझं माहेर तापीच्या काठचं, लहान गाव. आई एकटीच त्या घरात राहायची. दोघे भाऊ कामासाठी वापीला. तेरावं झालं, भावांनी घराला कुलूप लावलं, किल्ली शेजाऱ्यांकडे दिली आणि गेले. मीही परत येऊन कामावर बसले. तेवढं सगळं नीट झालं. बिघडलं ते नंतर, हळूहळू, कुणाला न दिसता. मला सकाळी उठावंसं वाटेना. भाकरी तोंडात फिरायची, गिळायची नाही. पोरीचं लग्न होऊन ती शहाद्याकडे गेली होती, घरात आम्ही दोघंच. आमचे हे वाईट नाहीत, पण त्यांना तरी काय कळणार. जी बाई आधीपासून बोलतच नाही, ती बोलायची थांबली हे कसं ओळखायचं? मी पहिल्यासारखीच गप्प होते. फक्त आधी मी आतून बोलत असायची, आता आतही कुणी नव्हतं.

ते ओळखलं जुबेदाबीनं. फाल्गुनात, हंगाम संपत आला होता. देठ खुडता खुडता माझ्या डोळ्याला पाणी आलं आणि मी तसाच, मिरचीच्या हातानं, डोळा पुसला. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. डोळ्यात आग पडली असणार, कारण तो दिवसभर लाल होता. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी पुढची मिरची उचलली. जुबेदाबीचा हात थांबला. तिनं माझं मनगट धरलं, मला उठवून पाण्याच्या पिंपाकडे नेलं, डोळ्यावर पाण्याचे हबके मारले. मी ओय सुद्धा म्हटलं नाही.

"दुखत नही का वं?"

"नाही."

ती एरवी यावर काहीतरी बोलली असती. त्या दिवशी तिनं आपल्या पदराच्या कोरड्या टोकानं माझं तोंड पुसलं आणि परत येईपर्यंत मनगट सोडलं नाही.

मग हंगाम संपला. पथारी उठली की बाया पांगतात. मी घरात जी बसले ती बसलेच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जुबेदाबी दोनदा येऊन गेली. मी झोपेचं सोंग घेतलं. दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, त्या यांनी आठवणीनं दिल्या की घ्यायची. एका दुपारी मला वाटलं, आपण नसलो तर इथं काय कमी होईल? एक वाटी भात कमी शिजवावा लागेल. हे मी घाबरून नाही, अगदी शांतपणे मनात म्हटलं. आता आठवलं की भीती वाटते ती त्या शांतपणाची.

अशात आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला जातो. झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, बाया चार दिवस सासर विसरतात. आमच्या गल्लीत सकाळपासून पोरींची ये-जा चालली होती. माझी पोरगी येणार नव्हती, तिच्या सासूचं ऑपरेशन झालं होतं. आणि मला न्यायला कोण येणार? ज्या घरी न्यायचं त्याला कुलूप. मी दार लोटून घेतलं आणि पडून राहिले.

थोड्या वेळानं बाहेर चाकांचा आवाज आला. मग यांचा आवाज, मग तिचा.

"मी मुराळी शे. कमलले लेवाले उनी."

हे म्हणाले, "मुराळी त भाऊ ऱ्हास ना, जुबेदाबी."

"भाऊ वापीले शे. मंग बहिनना काय गुन्हा? मिशी पायजे व्हई त काजय आन, काढी लेस."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. गनीभाईची गाद्या न्यायची लोटगाडी दाराशी उभी होती. तिचे दांडे पुसून हळदकुंकू लावलेलं. ते कुणाला विचारून लावलं होतं कुणास ठाऊक, पण लोटगाडीला हळदकुंकू मी तेव्हाच पाहिलं. जुबेदाबी सरळ आत आली. मी भिंतीकडे तोंड केलं. पेटी उघडून तिनं माझं हिरवं लुगडं काढलं, पिशवीत भरलं, पिशवी बाहेर नेऊन लोटगाडीवर अगदी मधोमध ठेवली आणि गल्लीला सांगितलं, "पोर माहेर जाई ऱ्हायनी. देखी ल्या."

आता पिशवी गेली म्हटल्यावर मला जाणं भागच होतं. सगळी गल्ली दारात उभी. मी खाली मान घालून लोटगाडीच्या कडेला धरून चालत होते आणि ती गाडी ढकलत होती. लाजेनं माझे कान तापले होते. पण त्या लाजेबरोबर एक गोष्ट झाली. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं.

तिच्या घरी मागच्या खोलीत झोका बांधला होता. पूर्वी गनीभाई कापूस पिंजायची जी मोठी पिंजण छताला टांगायचे, तिचं लोखंडी कडं अजून तसंच होतं. मशीन आल्यापासून ते रिकामं. त्याच कड्याला दोर, खाली पाट, आणि चारी बाजूंनी कापूस. गनीभाई दारातून म्हणाले, "कडं पिंजणनं वजन धरस. तुम्हनं धरी का नही, माले ठाऊक नही."

"तुमी दुकानमा बसा," जुबेदाबी म्हणाली.

ताटात सांजोऱ्या होत्या. सगळ्या फुटलेल्या, सारण एकीकडे आणि पारी दुसरीकडे. "शिरा बी शे, पुरी बी शे," ती म्हणाली. मी विचारलं, कुणी शिकवल्या? तिनं दोर ओढून बघितला. मग म्हणाली, "सिंधूबाईनी." दोन वर्षं न बोललेल्या बाईच्या दारात ती माझ्यासाठी गेली होती. "बोलनी का ती?"

"बोलनी ना. पहिले गूय जास्त टाकाले सांगं तिनी. मुद्दाम सांगं व्हई."

मग आम्ही दोघी, एक पन्नाशीची आणि एक साठीची, त्या पाटावर शेजारी शेजारी बसलो. तिनं पायानं जमीन ढकलली. एक झोका गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला कडं धरून राहिलं, पण गाठ सुटली. आम्ही दोघी पाटासकट कापसात. मी पालथी पडले. नाकातोंडात कापूस गेला. वर पाहिलं तर जुबेदाबी उताणी पडलेली, सगळं तोंड पांढरं, फक्त डोळे आणि मिश्रीचे दात काळे. दारात गनीभाई हात जोडून उभे. "पिंजणनी कव्हय असं करं नही," ते म्हणाले.

मला हसू फुटलं. ते इतकं आतून आलं की पोटात कळ आली. हसता हसताच कधी रडायला लागले ते समजलं नाही. पौषापासूनचं सगळं रडणं एकदम आलं. मी सवयीनं हात आवरला. जुबेदाबी माझ्याकडे सरकली आणि तिनं कापसाचा एक मोठा गोळा माझ्या मांडीवर ठेवला. "रड," ती म्हणाली. "आठे बंदी नही. कापूस शे, सोशी ली." गनीभाई दार ओढून घेऊन दुकानात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकही गिऱ्हाईक आत येऊ दिलं नाही.

त्या एका दिवसानं मी बरी झाले असं नाही. पण चार दिवस मी तिथं माहेरवाशीण म्हणून राहिले. पाचव्या दिवशी घरी आले तेव्हा गोळ्या स्वतःच्या हातानं घेतल्या. नंतर ती रोज येऊन मला विचारायची, आज तुझी गंमत काय? मला किती दिवस काही सुचायचंच नाही. ती थांबून राहायची, उठायची नाही. शेवटी एकदा मी म्हटलं, "चहा बशीत पिईन." तिनं तोंड वाकडं केलं. "लहान शे. पन चाली."

पाच वर्षांनी गनीभाई गेले. दुकान बंद झालं. तिचा मुलगा सलीम सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, तो येऊन तिला घेऊन गेला. स्टेशनवर मी गेले होते. ती डब्यात बसली आणि खिडकीतून म्हणाली, "तठे लिफ्ट शे म्हने. दिवसभर खाले-वर करसू." गाडी हलली तेव्हा ती बोलतच होती, मला ऐकू आलं नाही.

लिफ्ट बिघडलेलीच असायची. सुरुवातीला ती फोनवर खूप बोलायची, शेजारणींची नक्कल करायची, त्या गुजराती बोलतात आणि मला वाटतं रागावल्या आहेत, म्हणायची. मग बोलणं कमी झालं. मग "बरी शे" एवढंच. एक दिवस सलीमचाच फोन आला. "मावशी, अम्मी जेवाले नही मांगस. भिताडकडे तोंड करीसन पडेल ऱ्हास. डॉक्टरले दाखाडं, तो म्हने शरीरमा काही नही. तिले काय व्हयनं, तुमी सांगा." सलीम आणि त्याची बायको दोघंही दिवसभर कामाला. घरात ती एकटी.

मला ते भिंतीकडचं तोंड ठाऊक होतं. मी आयुष्यात एकटीनं गाडीत बसले नव्हते. यांना सुट्टी मिळेना. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी म्हटलं, "नाही, मी सकाळी जाते." नंदुरबारहून सुरत काही परदेश नाही, रोज शेकडो माणसं जातात. पण नवापूर येईपर्यंत माझी मूठ तिकिटावरून सुटली नव्हती.

चौथ्या मजल्यावर ती पडलेली होती. केस विंचरलेले नव्हते. निम्मी झाली होती. मला पाहून म्हणाली, "उनी का," आणि पुन्हा वळली. मी शेजारी बसले. मला काहीच बोलता येईना. इतकी वर्षं आमच्या दोघींचं बोलणं तीच बोलत आली होती. मी भज्यांच्या कागदावरच्या म्हशीची गोष्ट काढावी म्हटलं, पण सुरुवात कशी करतात ते मला कुठं येत होतं? पहिला दिवस गेला. मी तिचे केस विंचरले, तिनं विंचरू दिले. दुसऱ्या दिवशी तिनं दोन घास खाल्ले, माझ्याकडे बघून, जणू माझी कीव करत. मला वाटायला लागलं की मी उगाच आले. ही माझ्या डोळ्यांदेखत विझून जाणार आणि मी गप्प बसून बघणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली भाजीवाल्याची हाक आली, "रिंगणा, ताजा रिंगणा." गॅलरीतून पाहिलं तर हातगाडीवर हिरवी मोठी वांगी होती. जुबेदाबीला भरीत किती आवडायचं. गॅलरीला दोराला बांधलेली पिशवी होती, सून त्यातून भाजी वर घ्यायची. मी पिशवी सोडली. "ओ भाऊ," म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मलाच नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. तो पुढे ढकलू लागला. मी कठडा धरला आणि ओरडले, "ओ भाऊ, भरीतना वांगा दे." माझा आवाज समोरच्या इमारतीला लागून परत आला. दोन खिडक्यांतून बायांनी बघितलं. भाजीवाला थांबला आणि वर बघून हसला. त्यानं हाताला येतील ती वांगी पिशवीत टाकली.

मी पिशवी ओढून घेतली, एक वांगं आत नेऊन तिच्या हाताशी ठेवलं. "भरीत करते," म्हटलं.

तिचा हात वांग्यावर पडून राहिला. मग तिनं ते तळहातावर घेतलं. तोललं.

"हाई कोनी निवडं?"

"मी."

"वरथून?"

"हो."

"जड शे," ती म्हणाली. "बियाच बिया व्हतीन. भरीतनं वांगं हलकं लागस, येवढं बी समजत नही का वं?" तिनं दुसरं मागितलं. तेही जड. तिसरं. ती कोपरावर उठली. "त्याले सांग परत ले."

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. ते खरंच होतं. एकदा ओरडायचं होतं तेवढं ओरडून झालं होतं.

ती भिंत धरून उभी राहिली आणि गॅलरीत आली. "सरक," म्हणाली. कठड्यावरून वाकली. "ओ भाऊ, हाई बाई भोयी शे म्हनीसन काय बी दिधं का? ह्या वांगा भरीतना शेतस? उचलीसन देख."

मग तो भाजीवाला आमच्याच बोलीत म्हणाला, "कोनता गावनी शे वं माय?"

जुबेदाबी कठड्यावरून आणखी वाकली. "नंदुरबारनी," ती म्हणाली.

"मी शहादाकडना. माय, तू खाले ये. तुन्हा हातनी निवडी ले."

ती चपला शोधू लागली. दोन महिने ती जिना उतरली नव्हती. मी आधाराला निघाले तर म्हणाली, "तू नको. तू फशी जाशी." पिशवी घेऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, ती गेली. मी गॅलरीत उभी राहून वाट बघत होते. चार मजल्यांना किती वेळ लागतो? मध्ये तिचा खोकला ऐकू आला, मग काही नाही. शेवटी खाली तिचं पांढरं डोकं दिसलं. ती हातगाडीपाशी पोचली आणि एकेक वांगं उचलून तोलू लागली. भाजीवाल्यानं एक रिकामी पेटी पालथी करून दिली. ती बसली. इमारतीतल्या दोन बाया भाजी घ्यायला आल्या होत्या, तिनं त्यांच्याही हातातली वांगी काढून घेतली आणि दुसरी दिली. त्या गुजरातीत काहीतरी म्हणाल्या. ती अहिराणीत काहीतरी म्हणाली. मग तिघी हसताना दिसल्या.

त्या दुपारी सलीम मुद्दाम कामावरून घरी जेवायला आला. रिकामी खाट बघून त्याचा चेहरा उतरला. "अम्मी कोठे?"

मी हातानं खाली दाखवलं. तो गॅलरीत गेला, वाकून पाहिलं, आणि पायातले बूट न काढता तिथंच कठड्याला टेकून खाली बसला.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"नको, मावशी," तो म्हणाला. "बसू दे तिले."